ओबाफेमी अवोलोवो : कर्तृत्व आणि वाद

थोर राजकीय पुरुष निवर्तल्यावर अनुयायांनी त्याचे गुणगान करावे, विरोधकांनी शिष्टाचार म्हणून काही वर्षे जीभ आवरावी आणि कालांतराने उभय पक्षांनी मिळून त्याची गणना राष्ट्रपुरुषांत करून टाकावी, असा बहुतेक देशांतला शिरस्ता आहे. नायजेरियाचे ओबाफेमी अवोलोवो यांच्या वाट्याला असे निवांत मरणोत्तर आयुष्य आले नाही. ९ मे १९८७ रोजी ते निवर्तले. परंतु पश्चिमेकडील योरुबा मुलखात ज्यांचे प्राथमिक शिक्षण त्यांच्या कारभारात फुकट झाले, त्या पिढीने त्यांना जवळजवळ कुलदैवतांच्या पंक्तीला बसविले, तर पूर्वेकडील इग्बो मुलखात त्यांचे नाव यादवी युद्धातल्या उपासमारीशी कायमचे जोडले गेले. आणि २०१२ साली चिनुआ अचेबे या विख्यात इग्बो कादंबरीकाराने आपल्या युद्धस्मृतींच्या ग्रंथात तो आरोप नव्याने मांडताच, पंचवीस वर्षांपूर्वी गेलेल्या या माणसासाठी दोन्हीकडचे लेखणीबहाद्दर पुन्हा हातघाईवर आले. एकाच पुरुषाविषयी इतकी परस्परविरोधी साक्ष का मिळावी, याचा उलगडा त्याच्या चरित्रातच शोधावा लागतो. ते चरित्र बारकाईने पाहू जाता असे दिसते की, ज्या एका गुणाने अवोलोवो यांना आपल्या प्रांतात यश दिले, त्याच गुणाने त्यांना उरलेल्या देशाचा विश्वास मिळू दिला नाही. तो गुण म्हणजे हिशेबीपणा. येथे हा शब्द स्वार्थी या अर्थी नाही. प्रत्येक प्रश्न आकड्यांत मांडायचा, कागदावर सोडवायचा आणि उत्तर आले की लोकांना रुचो वा न रुचो, त्याचा अंमल करायचा, ही वृत्ती त्यात अभिप्रेत आहे.

नायजेरिया हा देश ब्रिटिश अंमलदारांच्या सोयीसाठी एकत्र आला. १९१४ साली लॉर्ड लुगार्ड यांनी उत्तर व दक्षिण नायजेरिया या दोन वसाहती एका दप्तराखाली आणल्या, त्यात उत्तरेचा खर्च दक्षिणेच्या जकातीतून भागावा हा हेतू मोठा होता. पुढे या देशाचे तीन प्रांत झाले: उत्तरेत हौसा-फुलानी अमीरांची सत्ता, पूर्वेत इग्बो लोकांचे बहुमत आणि पश्चिमेत योरुबा. या पश्चिम प्रांतातील इकेन्ने नामक लहानशा गावी ६ मार्च १९०९ रोजी अवोलोवो यांचा जन्म झाला. वडील शेती व लाकूड कापण्याचा धंदा करीत. मुलगा अकरा वर्षांचा असतानाच ते वारले, आणि मग पडेल ते काम करीत, मिळेल त्या मिशनरी शाळेत शिकत या मुलाने आपला मार्ग काढला. शिक्षक, लघुलेखक, कारकून, वृत्तपत्राचा बातमीदार, शेतमालाचा व्यापारी, मालमोटारींचा मालक आणि मोटारवाहतूकदारांच्या संघाचा चिटणीस, अशा नाना भूमिका त्यांनी तिशीच्या आगेमागे वठविल्या. व्यापारात बुडून कर्जबाजारीही झाले. १९४४ साली लंडन विद्यापीठाची वाणिज्य शाखेची पदवी त्यांनी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून मिळविली, त्याच वर्षी कायद्याच्या अभ्यासासाठी लंडन गाठले आणि १९४६ साली ते बॅरिस्टर झाले. जमाखर्च आणि कायदा या दोन विद्यांचा ठसा त्यांच्या पुढील सर्व राजकारणावर उमटलेला आहे.

लंडनमध्येच त्यांनी दोन गोष्टी केल्या, ज्यांवरून त्यांच्यावर पुढे प्रांतीयतेचा शिक्का बसला. १९४५ साली त्यांनी योरुबांची ‘एग्बे ओमो ओदुदुवा’ ही संस्था स्थापिली. ओदुदुवा हा योरुबांचा पुराणप्रसिद्ध मूळपुरुष, त्याच्या वंशजांचा हा संघ. आणि १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्या पुस्तकात त्यांनी असे प्रतिपादिले की, नायजेरिया हे अद्याप राष्ट्र नव्हे, ती केवळ भूगोलाची एक संज्ञा आहे. तेथे इंग्रज, वेल्श वा फ्रेंच यांच्या तोलाचे अनेक स्वतंत्र समाज नांदत असून त्यांचे राज्य टिकायचे तर ते संघराज्यच असले पाहिजे. पुढे जगातील संघराज्यांच्या घटनांचा तौलनिक अभ्यास करून त्यांनी हा विचार सिद्धांताच्या पायरीला नेला: बहुभाषी देशाची घटना संघात्मक हवी आणि तिचे घटक शक्य तो भाषेच्या पायावर आखलेले हवेत. ज्या वर्षी १ मे रोजी भाषावार प्रांतरचनेच्या दीर्घ लढ्यानंतर संयुक्त महाराष्ट्र अस्तित्वात आला, त्याच १९६० साली १ ऑक्टोबरला नायजेरिया स्वतंत्र झाला; तेव्हा मराठी वाचकाला या मताचे नवल वाटण्याचे कारण नाही, आणि भाषिक राज्य मागणे म्हणजे देश फोडणे, हा आक्षेपही त्याच्या परिचयाचा आहे. भेद इतकाच की भारतात भाषिक राज्यांच्या वर सर्व प्रांतांत पसरलेला एक जुना राष्ट्रीय पक्ष उभा होता. नायजेरियात प्रत्येक पक्ष एकेका प्रांताचाच होऊन बसला, आणि अवोलोवो यांनी १९५१ साली ओवो गावी अधिवेशन भरवून ज्या ‘ॲक्शन ग्रुप’ पक्षाचा जाहीर प्रारंभ केला, तो याला अपवाद ठरला नाही.

या पक्षाचा पहिला विजय हाच पहिला वाद ठरला. १९५१ च्या निवडणुकीत उमेदवारांच्या पक्षनिष्ठा धड स्पष्ट नव्हत्या. न्नामदी अझिकिवे हे इग्बो पुढारी, स्वातंत्र्य चळवळीतले सर्वांत नामवंत नाव, लागोसहून पश्चिमेच्या विधिमंडळात निवडून आले होते आणि बहुमत आपल्याच पक्षाचे आहे असा त्यांचा दावा होता. १९५२ च्या जानेवारीत इबादान या पश्चिमेच्या राजधानीत सभागृह भरले तेव्हा काही सभासद अवोलोवो यांच्या बाकांवर जाऊन बसले आणि बहुमत त्यांचे ठरले. अझिकिवे यांचे अनुयायी म्हणत, योरुबा जातीच्या नावाने माणसे फोडली. अवोलोवो यांचे अनुयायी म्हणत, आमच्या सभासदांची यादी आम्ही सभागृह भरण्यापूर्वीच छापली होती, फुटले ते एका स्थानिक गटाचे काही अपक्ष. खरे कोणाचे, याचा निकाल आजही लागलेला नाही. मात्र अझिकिवे यांना लवकरच पूर्व प्रांतात परतून तेथील सत्ता घ्यावी लागली, आणि इग्बो माणसाच्या मनात अवोलोवो या नावापुढे पहिली खूण तेथेच पडली.

हाती आलेल्या सत्तेचा त्यांनी केलेला उपयोग मात्र निर्विवाद मोठा आहे. १९५२ पासून प्रांतिक सरकारचे मुख्य म्हणून व १९५४ ते १९५९ पश्चिम प्रांताचे पहिले मुख्यमंत्री म्हणून त्यांनी कारभार केला, आणि १७ जानेवारी १९५५ रोजी संपूर्ण प्रांतात मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. एका वर्षात शाळांतली पटसंख्या सुमारे साडेचार लाखांवरून आठ लाखांच्या वर गेली. इतक्या मुलांना बसायला जागा नव्हती, शिकवायला पुरेसे शिक्षक नव्हते. म्हणून शिक्षकांच्या अल्पकालीन प्रशिक्षणाची केंद्रे आधीच उघडली होती, आणि खर्चासाठी डोईपट्टीत शिक्षण व आरोग्याची जादा पट्टी बसविली होती. ही पट्टी रयतेला इतकी जाचली की १९५४ च्या केंद्रीय निवडणुकीत खुद्द पश्चिम प्रांतात ॲक्शन ग्रुपचा पराभव झाला. दुसरा पुढारी असता तर पट्टी मागे घेऊन शाळा पुढे ढकलता. अवोलोवो यांनी मोजणी केली होती, शाळा ठरल्या महिन्यात उघडल्या, आणि ज्या बापांनी पट्टीविरुद्ध मत दिले होते त्यांनीच मुलांची नावे घातली. १९५९ साली इबादानला आफ्रिका खंडातील पहिल्या दूरचित्रवाणी केंद्रांपैकी एक सुरू झाले. मोठे क्रीडागार बांधले गेले. औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या.

हा पैसा आला कोठून, हा प्रश्न विचारल्यावाचून ही कीर्ती पुरी समजत नाही. पश्चिम प्रांताचे सोने म्हणजे कोको. दुसऱ्या महायुद्धापासून कोकोची खरेदी सरकारी मंडळाच्या हाती गेली होती. मंडळ शेतकऱ्याला ठरीव भाव देई, परदेशी बाजारात चढ्या भावाने माल विकी, आणि मधला फरक, पुढे भाव कोसळले तर शेतकऱ्यालाच आधार व्हावा या सबबीवर, गंगाजळीत ठेवी. १९५४ नंतर ही मंडळे प्रांतांकडे आली, आणि गंगाजळीची किल्ली प्रांतिक सरकारच्या हाती पडली. शेतकऱ्याच्या कोकोतून शेतकऱ्याच्या मुलाची शाळा निघाली, येथवर हिशेब सरळ होता. परंतु त्याच तिजोरीतून पक्षाला पैसा पुरवण्याची वाटही निघाली, आणि तीच पुढे अवोलोवो यांच्या अंगावर आली.

१९५९ साली त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडून केंद्रात उडी घेतली. हेलिकॉप्टरमधून गावोगाव उतरत त्यांनी उत्तरेतल्या अल्पसंख्य जमातींपर्यंत प्रचार नेला, ज्याचा उत्तरेच्या अमीरांना विलक्षण राग आला. परंतु ३१२ जागांपैकी उत्तरेच्या पक्षाला १३४, अझिकिवे यांच्या आघाडीला ८९ आणि ॲक्शन ग्रुपला ७३ मिळाल्या. अवोलोवो यांनी अझिकिवे यांना पंतप्रधानपद देऊ करून दक्षिणेची युती सुचविली. अझिकिवे यांनी उत्तरेशी हातमिळवणी पसंत केली. अबुबकर तफावा बलेवा पंतप्रधान झाले, आणि अवोलोवो विरोधी पक्षनेते. इबादानचे मुख्यमंत्रिपद त्यांनी आपले उपनेते सॅम्युएल लादोके अकिंतोला यांना दिले होते. अकिंतोला हजरजबाबी, विनोदी, व्यवहारचतुर. उत्तरेशी जुळवून घेऊन केंद्राच्या सत्तेत वाटा मिळवावा, हे त्यांचे मत. अवोलोवो यांनी उलट लोकशाही समाजवादाचा जाहीरनामा पुढे केला, आणि १९६२ च्या फेब्रुवारीत जोस येथील अधिवेशनात दोघांचे फाटले.

मे महिन्यात बहुसंख्य आमदारांच्या सह्यांचे पत्र पाहून प्रांताच्या गव्हर्नरांनी अकिंतोला यांना बडतर्फ केले आणि त्यांच्या जागी अवोलोवो यांच्या बाजूचे अदेग्बेन्रो यांना नेमले. २५ मे रोजी सकाळी नव्या मुख्यमंत्र्यांवरील विश्वासाचा ठराव मांडायला सभागृह भरले. ठराव मांडला जातो न जातो तोच अकिंतोला पक्षाचा एक सभासद घंटा वाजवीत टेबलावर चढला व वणवा पेटल्याची आरोळी ठोकू लागला. दुसऱ्याने सभापतींपुढचा राजदंड उचलून त्यांच्याच रोखाने हाणला, तो टेबलावर आदळून मोडला. खुर्च्या हवेतून फिरल्या, आणि अश्रुधूर सोडून पोलिसांनी लोकप्रतिनिधींना दालनाबाहेर काढले. दुपारी पुन्हा बैठक भरवली, पुन्हा तोच प्रकार झाला. चार दिवसांत केंद्राने प्रांतात आणीबाणी पुकारली व कारभार एका प्रशासकाकडे सोपविला. या प्रकरणाची कायदेशीर अखेर विलक्षण आहे: गव्हर्नरांचा हुकूम योग्यच होता, असा निर्णय लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९६३ च्या मे महिन्यात दिला खरा, पण तोवर सत्तेवर परत बसलेल्या अकिंतोला यांच्या विधिमंडळाने प्रांताची घटनाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलून तो निवाडा निकामी केला.

आणीबाणीत अवोलोवो यांच्यावर दोन घाव बसले. न्यायमूर्ती कोकर यांच्या चौकशी आयोगाने, प्रांतिक मंडळांतले लक्षावधी पौंड एका खासगी कंपनीच्या वाटेने ॲक्शन ग्रुपच्या खजिन्यात गेले, असा ठपका त्यांच्यावर ठेवला आणि अकिंतोला यांना मात्र दोषमुक्त केले. आयोग पक्षपाती होता हे म्हणणे समजण्याजोगे आहे. तथापि जमाखर्चाची वही ज्याचे शस्त्र, त्याच्या पक्षाच्या वहीत असा व्यवहार सापडावा, याचे समर्थन त्यांच्या चाहत्यांनाही नीट करता आलेले नाही. दुसरा घाव राजद्रोहाच्या खटल्याचा. घानामध्ये माणसांना शस्त्रांचे शिक्षण देऊन सरकार उलथवण्याचा कट केला, असा आरोप. बचावासाठी बोलाविलेल्या विलायती वकिलाला देशात पाऊल टाकू दिले नाही. आणि खटला चालू असतानाच १९६३ च्या जुलैत त्यांचा थोरला मुलगा सेगुन मोटार अपघातात गेला. ११ सप्टेंबरला न्यायमूर्ती सोवेमिमो यांनी आपले हात बांधलेले असल्याची कबुली देऊन दहा वर्षांची शिक्षा फर्मावली. अवोलोवो अटकेत व मग तुरुंगात असताना पश्चिम प्रांतातून मध्य-पश्चिम प्रांत वेगळा काढण्यात आला, १९६५ ची निवडणूक लबाडीने जिंकली गेली, आणि गावोगाव माणसे व घरे पेट्रोल ओतून जाळली जाऊ लागली. १५ जानेवारी १९६६ च्या लष्करी उठावात बलेवा, अकिंतोला आणि उत्तरेचे मुख्यमंत्री अहमदू बेलो मारले गेले. जुलैत दुसरा उठाव झाला, आणि ऑगस्टमध्ये नवे सत्ताधीश गोवॉन यांनी अवोलोवो यांना कालाबारच्या तुरुंगातून मुक्त केले.

त्यांच्या चरित्रातला सर्वांत कडवट वाद येथून पुढचा. उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या, लक्षावधी माणसे पूर्वेकडे पळाली, आणि पूर्व प्रांत फुटून निघण्याच्या बेतात आला. १९६७ च्या मे महिन्याच्या प्रारंभी अवोलोवो यांनी जाहीर केले की, केंद्राच्या कृतीमुळे वा निष्क्रियतेमुळे पूर्वेला जावे लागले तर पश्चिमही संघात राहणार नाही. त्याच आठवड्यात पूर्वेची राजधानी एनुगू येथे जाऊन त्यांनी तेथील लष्करी गव्हर्नर ओजुक्वु यांची मनधरणीही केली. ३० मे रोजी ओजुक्वु यांनी बियाफ्रा या नावाने पूर्वेचे स्वातंत्र्य पुकारले. पश्चिम प्रांत बाहेर पडला नाही, आणि अवोलोवो जूनमध्ये गोवॉन यांच्या मंडळाचे उपाध्यक्ष व अर्थमंत्री झाले. इग्बोंच्या मते हा उघड विश्वासघात. अवोलोवो यांच्या मते त्यांचे विधान सशर्त होते, आणि ओजुक्वु यांनी समजुतीची वाट आपण होऊन सोडली. शब्दशः पाहता अट होती हे खरे. पण घाबरलेल्या समाजाने अट न ऐकता आश्वासन ऐकले, हेही तितकेच खरे.

अर्थमंत्री म्हणून त्यांचे काम थक्क करणारे आहे. परदेशी कर्ज न काढता बियाफ्राशी जुंपलेले युद्ध निभावले, असे त्यांचे अनुयायी अभिमानाने सांगतात. १९६७ च्या अखेरीस ब्रिटनने आपल्या पौंडाचे अवमूल्यन केले तेव्हा नायजेरियाने आपला पौंड खाली आणला नाही. आणि १९६८ च्या जानेवारीत जुन्या नोटा रद्द करून बियाफ्राच्या हातातला पैसा त्यांनी एका फटक्यात कागद करून टाकला. परंतु याच हिशेबाच्या ओघात अन्नही आले. वेढलेल्या मुलखात मुले सुकून मरत होती, त्यांची छायाचित्रे जगभर छापली जात होती, आणि उपासमार हे युद्धाचे एक रास्त साधन आहे, अशा आशयाचे उद्गार अवोलोवो यांच्या नावावर नोंदले गेले. १९८३ साली जाहीर प्रश्नोत्तरांत त्यांनी खुलासा केला की, पाठवलेले अन्न सैनिकच बळकावत असल्याचे आढळले म्हणून तो पुरवठा आपण थांबविला. या युद्धात किती माणसे मेली याचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत आहेत. वेढा एकट्या अवोलोवो यांचा नव्हता, आणि केंद्राने देऊ केलेला जमिनीवरचा मार्ग बियाफ्राच्या नेत्यांनीही नाकारला होता. तरीही सैनिकाला उपाशी ठेवण्याच्या सूत्रात सैनिकाआधी मूल मरते, हे इतक्या सूक्ष्म हिशेबनिसाच्या नजरेतून सुटावे, याची क्षमा शोधणे कठीण आहे. १९७० च्या जानेवारीत युद्ध संपले आणि तिसरा आरोप उभा राहिला: युद्धकाळात ज्यांनी बँकेतली खाती चालविली, त्यांची शिल्लक कितीही असो, सरसकट वीस पौंड हाती ठेवण्यात आले. बियाफ्राच्या चलनातील भरणे मोजायचे कसे, ही अडचण खरी होती; पण त्या उत्तराने हजारो इग्बो कुटुंबांची पुंजी गेली.

याचे फळ १९७९ साली त्यांच्या पदरात पडले. लष्कराने नागरी राजवट परत आणली, अवोलोवो यांनी ‘युनिटी पार्टी’ काढून मोफत शिक्षण व मोफत वैद्यक यांचा जुना कार्यक्रम सबंध देशासाठी मांडला, आणि उपाध्यक्षपदासाठी मुद्दाम इग्बो उमेदवार घेतला. तरीही इग्बोंच्या दोन्ही राज्यांत त्यांना शेकडा एक मतही मिळाले नाही. शेहू शगारी यांना सुमारे ५७ लाख, अवोलोवो यांना ४९ लाख मते पडली. मात्र विजेत्याला १९ राज्यांपैकी दोनतृतीयांश राज्यांत निदान पाव मते हवीत, अशी अट होती. एकोणिसाचे दोनतृतीयांश म्हणजे बारा पूर्णांक दोनतृतीयांश. शगारी यांनी १२ राज्ये गाठली. तेराव्यात, कानोत, त्यांना १२,२०,७६३ पैकी २,४३,४२३, म्हणजे शेकडा विसाहून किंचित कमी मते होती. राज्य दोनतृतीयांश करता येत नाही, तेव्हा तेरा हवीत, असे अवोलोवो यांचे म्हणणे. शगारी यांचे वकील रिचर्ड अकिंजिदे म्हणाले, कानोच्या मतांचेच दोनतृतीयांश करा, त्याची चौथाई काढा. ती २,०३,४६० भरते आणि शगारी यांची मते तिच्याहून जास्त आहेत. २६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मताने अवोलोवो यांची फिर्याद फेटाळली. एकटे न्यायमूर्ती कायोदे एसो वेगळे राहिले. १९८३ साली अवोलोवो पुन्हा उभे राहिले, पुन्हा हरले, आणि त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी लष्कराने सगळाच डाव मोडला.

देशाला न लाभलेले सर्वोत्तम राष्ट्राध्यक्ष, असे त्यांचे वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर खुद्द ओजुक्वु यांनी केले. इफेच्या विद्यापीठाला १९८७ मध्येच त्यांचे नाव दिले गेले, आणि १९९९ पासून शंभर नायरांच्या नोटेवर त्यांची मुद्रा आहे. या सन्मानांनी निवाडा मात्र होत नाही. संघराज्याविषयीचे त्यांचे मूळ मत दूरदृष्टीचे होते आणि पश्चिम प्रांतातला त्यांचा कारभार वसाहतीतून सुटलेल्या आफ्रिकेत पहिल्या प्रतीचा होता. त्यांचे उणे इतकेच की, संघराज्याला परप्रांतीयाच्या मनातली पतही लागते आणि ती कोणत्याही खतावणीत आपोआप जमा होत नाही, हे त्यांना कळले तेव्हा फार उशीर झाला होता. १९५५ च्या जानेवारीत पाटी घेऊन शाळेत गेलेले योरुबा मूल आणि १९७० साली वीस पौंड घेऊन बँकेतून परतलेला इग्बो खातेदार, या दोघांचीही जबानी घेतल्यावाचून अवोलोवो यांचा न्याय करू नये, आणि एकाच्या जबानीने दुसऱ्याची खोडूही नये.